सत्तावीस पटीचा हिशेब

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या आत्याच्या वाड्यात माडीवरच्या दोन खोल्या दिवाळीपासून रिकाम्या होत्या. जानेवारीत एक कुटुंब बघायला आलं. आई, वडील आणि तिशीतली मुलगी. भाडं ठरलं, किल्ल्या तेवढ्या द्यायच्या राहिल्या. निघता निघता मुलीच्या आईनं सांगून टाकलं की मुलीला स्किझोफ्रेनिया आहे, सहा वर्षं औषध चालू आहे, मागाहून कळायला नको म्हणून आत्ताच सांगते. आत्या "बरं केलंत सांगितलंत" म्हणाली आणि रात्रभर जागी राहिली. पहाटे तिनं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, अशी माणसं ठेवावीत का. पुण्याच्या भाच्यानं पाच मिनिटांत कुठून तरी शोधून उत्तर टाकलं: 'मनोरुग्ण पुरुष चारपट हिंसक असतात, मनोरुग्ण स्त्रिया सत्तावीसपट.'

मी गेले तेव्हा आत्यानं गजकाचा डबा पुढं सरकवला आणि चष्मा कपाळावर नेत म्हणाली, "तू इतकी वर्षं त्या डॉक्टरांकडे काम केलंस ना गं? मग सांग, सत्तावीसपट म्हणजे किती?"

प्रश्न अगदी बरोबर होता. सत्तावीसपट म्हणजे किती, हे त्या मजकुरात नव्हतंच. ग्वाल्हेरात एका मानसोपचार दवाखान्यात मी वीसेक वर्षं सोशल वर्करचं काम केलं. नातेवाइकांशी बोलणं, औषध का थांबलं ते शोधणं, कधी कोर्टाच्या कागदांमागे धावणं. आत्याला जे समजावलं तेच इथं जरा सविस्तर लिहिते आहे. यात आलेली माणसं कुणाला ओळखू येऊ नयेत इतपत तपशील मी फिरवले आहेत.

आधी हे सांगते की भाच्याचा आकडा खोटा नव्हता. स्टॉकहोममध्ये १९५३ साली जन्मलेल्या पंधरा हजारांवर लोकांच्या सरकारी नोंदी त्यांच्या तिशीपर्यंत तपासल्या गेल्या आणि १९९२ साली निष्कर्ष छापून आले. गंभीर मानसिक आजार असलेल्या पुरुषांची हिंसक गुन्ह्यात नोंद होण्याचं प्रमाण निरोगी पुरुषांच्या चौपट निघालं. बायकांमध्ये हेच प्रमाण निरोगी बायकांच्या सत्तावीसपट. म्हणजे आजारी बाईची तुलना आजारी पुरुषाशी नव्हतीच, निरोगी बाईशी होती. व्हॉट्सॲपवर येईपर्यंत हे वाक्य गळून पडलं होतं आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

आत्याला मी कोथिंबिरीचं उदाहरण दिलं. जुडी दोन रुपयांची वीस रुपयांना झाली तर भाव दहापट वाढला, पण तेवढ्यानं कुणाचं घर बुडत नाही. सोनं दीडपट झालं की मात्र लग्न पुढं ढकलावं लागतं. पट सांगताना मुळात किती होतं ते सांगितलं नाही तर ऐकणारा घाबरतो, त्याला समजत काहीच नाही. समजा, निव्वळ समजा, हजार निरोगी पुरुषांमागे पन्नास जणांवर मारहाणीचा गुन्हा लागतो आणि हजार निरोगी बायकांमागे फक्त दोघींवर. पुरुषांचे पन्नास चौपट झाले की दोनशे होतात. बायकांच्या दोन सत्तावीसपट झाल्या की चोपन्न. म्हणजे आजारी बाई फार तर निरोगी पुरुषाच्या आसपास येऊन पोचली. आत्या हसली आणि म्हणाली, "म्हणजे तुझ्या काकांइतकी?" काका आयुष्यात कुणावर ओरडलेसुद्धा नाहीत, पण मुद्दा तिला कळला होता.

शिवाय असे खटले बायकांमध्ये इतके कमी असतात की दोन-चार जणी इकडच्या तिकडं झाल्या तरी पट कुठल्या कुठं जाते. म्हणून एका अभ्यासावर न थांबता पुष्कळ अभ्यास एकत्र करून बघावे लागतात. २०२२ साली १५ देशांतले २४ अभ्यास, मिळून ५१ हजारांवर माणसं, एकत्र मोजली गेली. स्किझोफ्रेनिया आणि त्याच्या जवळच्या आजारांत पुरुषांचा धोका साधारण साडेचारपट निघाला, बायकांचा साधारण दहापट. सत्तावीसचे दहा झाले. त्याच कामात पट बाजूला ठेवून थेट संख्याही दिली आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. पस्तीस वर्षांच्या काळात हे आजार असलेल्या पुरुषांपैकी चारांत एकाहून कमी जणांच्या हातून हिंसा घडल्याची नोंद होती. बायकांपैकी विसांत एकीहून कमी. पस्तीस वर्षांत! खुनाचं म्हणाल तर २००९ च्या अशाच एका मोठ्या संकलनात सायकोसिस असलेल्यांमध्ये हजारी तीन आणि सर्वसाधारण लोकांत दहा हजारी दोन असं प्रमाण आलं होतं. फरक मोठा आहे, तो लपवायचं कारण नाही. पण हजारातल्या नऊशे सत्त्याण्णवांनी कुणाचा जीव घेतलेला नसतो, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे.

इथं सायकोसिस म्हणजे काय ते सांगून टाकते. माणसाचा वास्तवाशी धागा सुटतो अशी अवस्था. कुणी नसताना आवाज ऐकू येतात, कुणी आपल्यावर पाळत ठेवतंय, जेवणात विष कालवतंय असं पक्कं वाटतं आणि समजावून ते जात नाही. स्किझोफ्रेनियात हे असतं, बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आळीपाळीनं येणाऱ्या आजाराच्या, तीव्र झटक्यात येऊ शकतं, खोल नैराश्यातही येतं. ग्वाल्हेरच्या हिंदी पेपरात या सगळ्याला मिळून एकच शब्द आहे, 'विक्षिप्त'. मराठी घरांत 'बाहेरचं आहे' म्हणतात. शेजारी मेहंदीपूरच्या बालाजीला घेऊन जातात, आपले लोक गाणगापूरला. जाऊ देत, मी कधी अडवलं नाही. फक्त गोळ्यांची पट्टी बरोबर बांधून द्यायचे.

आता पटींपेक्षा जो फरक मला वीस वर्षांत जास्त दिसला त्याबद्दल. बाईची हिंसा घरात होते, घरच्यावर होते आणि घरातच मुरते.

एक बाई आमच्याकडे आली तेव्हा आजार सुरू होऊन दोन वर्षं उलटून गेली होती. लग्न अठ्ठाविसाव्या वर्षी, आजार तिसाव्या. सासू आपल्या ताटात काहीतरी घालते असा तिला संशय. एका दुपारी तिनं सासूच्या डोक्यात लाटणं घातलं. सहा टाके. टाके घालणाऱ्या डॉक्टरला 'न्हाणीघरात पाय घसरला' असं सांगितलं गेलं. पोलिसांचा प्रश्नच नव्हता, घराण्याची अब्रू! सुनेला आतल्या खोलीत ठेवून बाहेरून कडी. मग कुणाच्या तरी ओळखीनं एका डॉक्टरकडून, तिला न दाखवताच, थेंबाचं औषध आणलं आणि ते तिच्या वरणात कालवायला सुरुवात केली. म्हणजे ज्या दिवशी तिनं आम्हाला सांगितलं की सासू माझ्या जेवणात काहीतरी घालते, त्या दिवशी ती शब्दशः खरं बोलत होती. एवढं झाल्यावर तिनं ताट भिरकावलं, तर घरच्यांनी त्याची नोंद 'आजार वाढला' अशी केली. चोरून औषध देऊ नका हे मी नातेवाइकांना आजही सांगत असते आणि त्यांची अडचणही मला कळते. पण संशयाच्या आजारात संशयाला पुरावा देण्यासारखं दुसरं संकट नाही.

हे एकट्या ग्वाल्हेरचं नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी आणि वुस्टर इथल्या मनोरुग्णालयांतून घरी गेलेल्या हजारावर रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा झाला. नुसत्या पोलिसांच्या नोंदी न बघता रुग्णाला विचारलं, जवळच्या माणसाला विचारलं. तेव्हा वर्षभरात हात उचलणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांत आणि बायकांत जवळजवळ सारखं निघालं. फरक तपशिलात होता. बायकांचा मार घरातल्या माणसांना, घरातच. पुरुषांच्या मारानं जखम जास्त गंभीर, दवाखान्यात न्यावं लागेल अशी, आणि अटकही त्यांनाच जास्त. प्रसंगाआधी दारू किंवा नशा केलेली असणं, औषध सोडलेलं असणं, हेही पुरुषांत जास्त. पोलिसांच्या वहीतून बघितलं तर स्त्री-पुरुषांत दरी दिसते आणि स्वयंपाकघरातून बघितलं तर ती बरीच बुजते. दोन्ही खरं आहे. मोजमाप कुठं उभं राहून घेतलं त्यावर ते ठरतं.

घरातच का? एक कारण आजाराच्या वयात आहे. पुरुषांत स्किझोफ्रेनिया बहुधा अठरा ते पंचविशीत डोकं वर काढतो. शिक्षण अर्धवट, नोकरी नाही, लग्न नाही, मग वडिलांशी खटके, नाक्यावरची संगत, रस्ता. बायकांत तो सरासरीनं काही वर्षं उशिरा येतो आणि चाळिशीच्या पुढं त्याची आणखी एक छोटी लाट असते. तोवर लग्न झालेलं असतं, मूल झालेलं असतं. तिचं सगळं जग चार भिंतींत. भ्रमाला खुंटी लागते आणि हाताशी असते तीच खुंटी वापरली जाते. पुरुषाच्या भ्रमात गुप्तहेर, पोलीस, ऑफिसातला साहेब येतो. सुनेच्या भ्रमात सासू येते, जाऊ येते, कधी पोटचं पोर येतं. दुसरं कारण सरळ आहे. तिची काळजी घेणारं माणूस चोवीस तास तिच्याजवळ असतं आणि औषध घे म्हणून मागं लागणारंही तेच असतं. मार खाणाऱ्यांत म्हणूनच बरेचदा आई असते, मग रुग्ण मुलगा असो की मुलगी.

पुरुषांच्या बाबतीत दारूचं प्रकरण वेगळं काढून सांगावं लागेल. २००९ च्या त्या संकलनात नशेची जोड नसलेल्या रुग्णांचा हिंसेचा धोका साधारण दुप्पट निघाला आणि नशेची जोड असलेल्यांचा जवळजवळ नऊपट. याहून बोलकी गोष्ट अशी की आजार अजिबात नाही, फक्त व्यसन आहे, अशा लोकांचाही धोका जवळपास तितकाच वर होता. आजारावर जे बिल फाडलं जातं त्यातला मोठा हिस्सा दारूच्या खात्यावर जायला हवा. आपल्याकडे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या शंभर पुरुषांत साधारण १९ जण पितात असं आलं, बायकांत एखादीच. त्यामुळे पाश्चात्त्य देशांतल्या आजारी गुन्हेगार बायकांमध्ये व्यसन बरंच सापडतं, तसं माझ्यासमोर आलेल्या बायकांत सापडलं नाही. पुरुषांत मात्र हमखास. एक गृहस्थ होते, बायकोवर संशय. दारू प्यायली की संशयाला पाय फुटायचे. तिच्या ओढणीचा वास घ्यायचे, पलंगाखाली वाकून बघायचे. हा मत्सराचा भ्रम पुरुषांत आणि दारूच्या संगतीत जास्त दिसतो आणि माझ्या मते तो सगळ्यांत धोकादायक प्रकारांपैकी एक. त्यात ज्याच्यावर संशय ते माणूस त्याच पलंगावर झोपलेलं असतं. त्या गृहस्थांच्या घरी शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. अटक झाली, जेलच्या डॉक्टरनं आजार ओळखला, उपचार सुरू झाले. लाटणं मारणाऱ्या सुनेला दोन वर्षं लागली, यांना तीन आठवडे. ग्वाल्हेरात बहोडापूरच्या बाजूला सेंट्रल जेल आणि मानसिक आरोग्यशाळा, म्हणजे मनोरुग्णालय, दोन्ही आहेत. पुरुष पुष्कळदा पहिल्या दारातून दुसऱ्यात जातो. बाई कुठल्याच दाराशी पोचत नाही.

देशभरच्या तुरुंगांत शंभर कैद्यांमागे बायका चारच असतात. त्यातल्या आजारी किती, त्यांच्यासाठी वेगळी सोय कुठं, हा विचार चारांसाठी कोण करणार? एखाद्या रुग्णाकडून पुढं हिंसा होईल का, हे आजमावायच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यासुद्धा मुख्यतः पुरुष कैदी आणि पुरुष रुग्ण समोर ठेवून बनल्या. नंतर नेदरलँड्समध्ये बायकांसाठी पुरवणी तयार झाली. तिच्यात लहान वयातलं गरोदरपण, मुलं सांभाळताना येणाऱ्या अडचणी, मोठेपणी सोसलेला छळ, स्वतःला इजा करणं अशा गोष्टी आल्या.

छळाचा विषय निघाला की मला आकड्यांची भीती वाटू लागते. आपण इतका वेळ आजारी बाईनं कुणाला मारलं ते मोजतोय. तिला कुणी मारलं? बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत दाखल असलेल्या, गंभीर मानसिक आजार असलेल्या १४६ बायकांना विचारलं गेलं होतं, २००३ साली ते प्रसिद्ध झालं. त्यातल्या ३४ टक्के जणींनी आपल्यावर लैंगिक जबरदस्ती झाल्याचं सांगितलं आणि करणारा बरेचदा नवराच होता. इंग्लंडात २०१५ साली आलेल्या अभ्यासात अशा बायकांपैकी ४० टक्के जणींवर प्रौढ वयात बलात्कार किंवा तसा प्रयत्न झाला होता. ज्यांच्या हातून हिंसा घडते त्या आजारी बायकांच्या पूर्वायुष्यात हे पुन्हा पुन्हा सापडतं, पुरुषांपेक्षा ठळकपणे. कधी भ्रमाच्या पोटात खरी आठवण असते. "कुणीतरी रात्री खोलीत येतं" असं बाई सांगते तेव्हा डॉक्टरनं गोळी लिहून द्यावी, पण खोलीत कोण येतं तेही एकदा विचारावं. हे मी उशिरा शिकले.

बाळंतपणाबद्दल आत्याला मी सांगणार नव्हते, पण तिनंच काढलं. तिच्या लहानपणी वस्तीतल्या एका ओल्या बाळंतिणीनं बाळ विहिरीत टाकलं होतं, म्हातार्‍या 'बाळंतवात' म्हणाल्या आणि विषय मिटला. त्या बाईचं पुढं काय झालं, आत्याला आठवत नाही. कुणालाच आठवत नसणार.

हजार बाळंतपणांमागे एक-दोघींना बाळंतपणानंतरचा सायकोसिस होतो, बहुतेकींना पहिल्या दोन आठवड्यांत. आधीपासून बायपोलर असेल तर धोका फारच वाढतो, पाचांत एकीच्या आसपास. सुरुवात झोपेपासून होते. बाळ झोपलंय, घर झोपलंय आणि ती तिसऱ्या रात्री टक्क जागी, भराभर बोलतेय, मध्येच गोंधळतेय, बाळाकडे विचित्र नजरेनं बघतेय, हे बाळ माझं नाहीच म्हणतेय, किंवा ते देवाचं आहे म्हणतेय. बाळंतपणानंतर चार दिवस रडू येणं हा वेगळा आणि साधा प्रकार. हा तसा नाही, इथं त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. लवकर गाठला तर आजार चांगला आटोक्यात येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तीन वर्षांखालच्या मुलाला दाखल असलेल्या आईपासून सहसा तोडू नये, धोका असेल तरच वेगळं ठेवावं, असं लिहिलेलं आहे. ते बहुतेक सासरच्यांना ठाऊक नसतं.

पोटच्या पोराला आई मारते तेव्हा त्यामागे द्वेष असेल असं आपण धरून चालतो. १९६९ साली रेझनिक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं आई किंवा वडिलांनी पोराला मारल्याच्या १३१ घटनांची छाननी करून त्यामागची कारणं पाच गटांत लावली. सगळ्यांत मोठा गट निघाला तो दयेचा. या जगात हे बाळ भोगेल, त्यापेक्षा मी त्याला सोडवते, अशा समजुतीचा. टेक्सासमधल्या अँड्रिया येट्सनं २००१ साली आपली पाचही मुलं टबात बुडवली. ती पूर्वीपासून आजारी होती, आणि मुलं नरकात जाऊ नयेत म्हणून आपण हे केलं अशी तिची धारणा होती. पहिल्या खटल्यात जन्मठेप झाली, तो निकाल फिरला आणि २००६ साली दुसऱ्या ज्यूरीनं तिला वेडेपणाच्या कारणावरून निर्दोष ठरवून मनोरुग्णालयात पाठवलं. पुरुष जेव्हा पोरं मारतो तेव्हा बायकोवरचा सूड, फारकत, कर्ज हे धागे जास्त वेळा सापडतात आणि बायकोचा जीवही त्यातच जाण्याची शक्यता जास्त. एक मात्र सांगायलाच हवं. आपल्या पेपरात आई पोरांसकट विहिरीत उडी घेते ती प्रत्येक वेळी आजारी असते असं नाही. काही विहिरी सासरानं खणलेल्या असतात.

कायदा आजाराच्या नावावर चालत नाही. मूळ इंग्लंडातलं. १८४३ साली मॅकनॉटन नावाच्या माणसानं पंतप्रधान समजून त्यांच्या सचिवावर गोळी झाडली, त्या प्रकरणातून नियम ठरले. ते आपल्या दंडविधानात कलम ८४ म्हणून आले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २२ म्हणून बसले. प्रश्न एकच. कृत्याच्या त्या क्षणी, मन ठिकाणावर नसल्यामुळे, आपण काय करतोय किंवा ते चूक, बेकायदा आहे हे कळण्याची कुवत त्या माणसात होती का? स्किझोफ्रेनियाची फाईल दाखवून सुटका होत नाही. आदल्या महिन्यात कसा वागला, आधी कुऱ्हाड लपवली का, नंतर पळाला का, सगळं बघतात. इंग्लंडात १९२२ पासून वेगळा बालहत्या कायदा आहे. बाळंतपणाच्या परिणामातून मन ढळलेल्या आईवर खुनाऐवजी हलका गुन्हा लावता येतो, १९३८ च्या सुधारणेनंतर बाळ बारा महिन्यांचं होईपर्यंत. आपल्याकडे तशी वेगळी तरतूद नाही, त्या आईलाही कलम २२ च्याच अरुंद दारातून जावं लागतं.

आणि दारातून बाहेर पडलं म्हणजे घरी गेलं असंही नाही. आसामच्या मचांग लालुंगला १९५१ साली पकडून तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवलं. १९६७ साली डॉक्टरांनी तो ठीक असल्याचं कळवलं. तो सुटला २००५ साली, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. चोपन्न वर्षं, खटलाच न चालता. आपल्या ग्वाल्हेरची आरोग्यशाळा रांची आणि आग्र्याबरोबर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं मानवी हक्क आयोगाच्या देखरेखीखाली दिली, तेव्हापासून बरंच बदललं. पण बऱ्या झालेल्या बाईला न्यायला कुणी येत नाही, ही अडचण कुठल्याही न्यायालयाच्या हुकमानं सुटलेली मी पाहिली नाही. बऱ्या झालेल्या पुरुषाला बहुधा आई न्यायला येते. बाईला न्यायला नवऱ्यानं यायचं असतं आणि त्यानं एव्हाना दुसरी आणलेली असते.

उपचारानं फरक पडतो का, हे आत्यानं दोनदा विचारलं. पडतो. स्वीडनमध्ये २००६ ते २००९ या काळात ऐंशी हजारांवर रुग्ण बघितले. युक्ती अशी होती की माणसाची तुलना त्याच माणसाशी केली, औषध चालू असतानाचे महिने आणि बंद असतानाचे महिने. सायकोसिसवरची औषधं चालू असताना हिंसक गुन्हे ४५ टक्के कमी. रोजची गोळी जमत नसेल तर महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं, ते जयारोग्यसारख्या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात विचारता येतं. आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत, जिच्यात मध्य प्रदेशही होता, सायकोसिस असलेल्या चारांपैकी तिघांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. आत्याच्या माडीवर येऊ घातलेली मुलगी त्या उरलेल्या चौथ्यांतली होती.

मग मी आत्याला म्हटलं, तुला तीन गोष्टी विचारायच्या तर विचार. पूर्वी कधी कुणावर हात उचललाय का, कारण पुढचं सांगणारी सगळ्यांत भरवशाची खूण मागचं वागणं हीच असते. औषध नियमित आहे का. घरात कुणी पितं का, आणि हे तिसरं आत्तापर्यंतच्या भाडेकरूंनाही विचारायला हवं होतंस. त्या अमेरिकन अभ्यासात पिट्सबर्गमधल्या नशा न करणाऱ्या रुग्णांची तुलना त्यांच्याच गल्लीतल्या नशा न करणाऱ्या शेजाऱ्यांशी केली, तेव्हा दोघांच्या हिंसेत फरक सापडला नव्हता. धोका असलाच तर तो तिच्या आईला, खालच्या मजल्यावरच्या घरमालकिणीला नाही.

"तिची आई थकलेली दिसली गं मला," आत्या म्हणाली. थोडा वेळ गजक मोडत बसली. मग विचारलं, "आणि रविवारी काही झालं तर? डॉक्टर बंद असेल तेव्हा?"

मी तिला १४४१६ सांगितला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, फुकट आणि चोवीस तास. तिनं तो भिंतीवरच्या कालनिर्णयावर दूधवाल्याच्या नंबराखाली लिहिला, मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय दिसावा म्हणून. मग किल्ल्या शोधायला उठली. त्या गजकाच्या डब्याखाली होत्या.